खाण्याचीं टोपणनांवें : नांदेड-लातूरकडील कांहीं शब्दांचा इतिहास

राज्यें कोणीं जिंकलीं, गड कोणीं घेतले, तह कोठें झाले, हें बखरींत सांपडतें. पण त्या राज्यांतील माणसें सकाळीं उठून काय खात होतीं आणि त्या खाण्याला कोणत्या नांवानें संबोधीत होतीं, हें लिहून ठेवण्याची तसदी बखरकारांनीं सहसा घेतलेली नाहीं. तें काम लोकांच्या जिभेनें केलें आहे. दर बारा कोसांवर भाषा बदलते असें म्हणतात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्यास भाषा बदलण्यापूर्वींच खाण्याचें नांव बदललेलें ऐकूं येतें. त्यांतलीं कांहीं नांवें शेजारच्या भाषांतून आलीं, कांहीं दरबारच्या भाषेनें आणलीं, कांहीं एकेका घराच्या चुलीजवळच जन्मलीं. हीं नांवें क्षुल्लक समजलीं जातात. परंतु या मुलखाच्या सुखदुःखाचा जेवढा वृत्तांत त्यांत सांठला आहे, तेवढा पुष्कळशा कागदपत्रांतही नसेल.

आरंभ मधल्या वेळच्या खाण्याच्या सामान्य नांवापासूनच करणें योग्य. शेतकऱ्याच्या घरीं ती 'न्याहारी', शहरांत तो 'नाश्ता', आणि दिवाळींत किंवा उपासाच्या दिवशीं तो 'फराळ'. न्याहारी या शब्दाच्या मुळाशीं 'नहार' म्हणजे दिवस हा अरबी शब्द आहे. नाश्ता हा फारसी. त्याचा मूळ अर्थ सकाळपासून कांहीं न खाल्लेला, म्हणजे उपाशी. उपाशी माणसाचें नांव कालांतरानें त्याच्या पुढ्यांतल्या खाण्याला मिळालें. फराळ हा संस्कृत 'फलाहार' शब्दाचा अपभ्रंश. पण दिवाळीच्या फराळाच्या ताटांत चकली, करंजी, चिवडा असें सर्व कांहीं असतें, फळ मात्र क्वचितच दिसतें. तीन भाषांतून तीन शब्द आले, तिघांनींही आपापले अर्थ बदलले, आणि मराठी माणसानें ते तिन्ही आपलेच समजून वापरले. पुढें येणाऱ्या सर्व नांवांची रीत थोड्याफार फरकानें हीच आहे.

या प्रदेशाची घडणच तशी आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेलगत, आज कर्नाटकांतील बिदर जिल्ह्यांत असलेलें बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांत राजाच्या पाकशाळेंतील पदार्थांचें वर्णन आहे. त्यांतील वटक म्हणजे आपला वडा, मंडक म्हणजे मांडे, पूरिका म्हणजे पुरी. आणि दक्षिणेकडील इडली-डोशाचे पूर्वज इड्डरिका व धोसक हेही तेथेंच भेटतात. राजधानी गेली, राजवंश गेला, आणि राजाच्या ताटांतला वडा मात्र आठवड्याच्या बाजारांत येऊन बसला.

पुढें अठराव्या शतकापासून हा मुलूख बहुतांश काळ हैदराबादच्या आसफजाही राज्यांत राहिला. दरबारची भाषा आधीं फारसी, मग उर्दू, घरांतली मराठी, आणि शेजार तेलुगु व कानडी. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचनेच्या वेळीं सीमांची मोठी अदलाबदल झाली. बिदर जिल्ह्यांतील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके, आणि आदिलाबाद जिल्ह्यांतील किनवट तालुका मराठी भागाला जोडले गेले. उलट नांदेड जिल्ह्यांतील मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल या बाजूचा प्रदेश तेलुगु राज्यांत गेला. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें आणि १९८२ मध्यें उस्मानाबादेंतून लातूर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. नकाशावर रेघ ओढली गेली तरी चुलीवर ती ओढतां आली नाहीं.

याचें सर्वांत गोड उदाहरण म्हणजे 'सुशीला'. परक्या प्रांतांतला पाहुणा लातुरांत उतरला आणि "आज सकाळीं सुशीला केली आहे" असें त्याच्या कानीं पडलें, तर तो क्षणभर गोंधळतो. ही सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा एक पदार्थ. मुरमुरे पाण्यांत क्षणभर भिजवून पिळून घ्यावयाचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि हळद यांच्या फोडणीवर परतावयाचे, वर फुटाण्याच्या डाळीचें पीठ आणि कोथिंबीर घालावयाची, कीं पदार्थ तयार. ज्वारी पिकविणाऱ्या घरांत पोहे नसले तरी बाजारांतले मुरमुरे असत. आणि पाहुणा दारांत आल्यावर पाणी पिऊन होईपर्यंत ही ताटली तयार होत असे.

या पदार्थाला कांहीं घरांतून 'सुसला' असेंही म्हणतात. उत्तर कर्नाटकांत, हुबळी-धारवाडकडे, हाच पदार्थ याच 'सुसला' नांवानें घरोघर होतो. आंध्रांतील रायलसीमेंत तो 'उग्गानी' होतो आणि त्याच्यासोबत मिरचीचीं भजीं येतात. कानांवर पडलेल्या सुसल्याला मराठी बायकांनीं सुशीला केलें, यांत नवल नाहीं. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दासारखा करून घेणें ही प्रत्येक भाषेची संवय आहे. पण निवडलेलें नांव पाहावें : सुशीला म्हणजे चांगल्या स्वभावाची. थोडक्या खर्चांत होणारी, कोणाला उपाशी न पाठविणारी, अशी. ज्या घरांत सासूचेंच नांव सुशीला, त्या घरांतल्या सुनेपुढें मात्र अडचण होती. कारण वडील माणसांचें नांव तोंडानें घ्यावयाचें नाहीं असा शिरस्ता. मग तिनें 'मुरमुऱ्याचा उपमा' म्हणावें, किंवा नुसतें 'तें मुरमुऱ्याचें' म्हणावें. घराघरांत निराळीं नांवें पडण्याचें हेंही एक कारण आहे.

मुरमुऱ्यालाही एक नांव नाहीं. पुण्याकडे चुरमुरे, मुंबईकडे कुरमुरे, कानडींत चुरमुरी किंवा मंडक्की. पहिलीं नांवें दातांखालच्या आवाजावरून पडलेलीं आहेत हें उघड आहे. फुटाण्यांचा प्रवास याहून मौजेचा. मराठींत फुटतो तो फुटाणा. कानडींत पुटाणी आणि तेलुगूंत पुट्नालु या नांवाखालीं मात्र साल काढलेली भाजकी डाळ मिळते. मराठी मनुष्य जिला डाळें किंवा डाळवें म्हणतो ती हीच. एकच शब्द सीमेपलीकडे गेला आणि साल टाकून बसला.

जी गोष्ट सुशीलेची तीच येळवसेची. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, उस्मानाबाद आणि नांदेडच्या कांहीं भागांत गांवेंच्या गांवें ओस पडतात; सर्व माणसें शेतांत जातात, कडब्याच्या खोपींत पांडवांची पूजा होते आणि वनभोजन होतें. या सणाला वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतात. मूळ कानडी शब्द 'एळ्ळ अमावास्ये'. एळ्ळु म्हणजे तीळ, तेव्हां ही तिळांची अमावस्या. मराठी कानाला एळ्ळ म्हणजे वेळ वाटली आणि सणाचें नांवच बदललें. त्या दिवशींच्या जेवणांत 'भज्जी' असते. पाहुणा तळलेल्या भज्यांची वाट पाहत बसतो आणि त्याच्या पुढ्यांत येते ती नाना तऱ्हेच्या शेंगा, दाणे व पालेभाज्या ताकांत कालविलेल्या बेसनांत शिजवून केलेली दाट भाजी. तिच्याबरोबर ज्वारीची आंबील आणि उकडलेले उंडे. कानडींत उंडे म्हणजे गोळाच.

शाळेंतल्या मुलांना 'उपमा' हा अलंकार शिकवितांना वर्गांत हंशा पिकतो. व्याकरणांतली उपमा स्त्रीलिंगी आणि ताटलींतला उपमा पुल्लिंगी. त्यांचें कांहीं नातें नाहीं. ताटलींतला उपमा दक्षिणेकडील 'उप्पु', म्हणजे मीठ, या शब्दावरून आला. मीठ घातलेलें पीठ एवढाच त्याचा अर्थ. कानडींत उप्पु आणि हिट्टु मिळून उप्पिट्टु झालें, त्याचें मराठी उप्पीट. मराठीनें हे दोन्ही शब्द घेतले आणि आपला जुना तिखटमिठाचा सांजाही सोडला नाहीं.

धपाट्याचें नांव मात्र अस्सल मराठी. ज्वारीचें, बेसनाचें व कणकेचें पीठ तिखट, तीळ, ओवा घालून मळावयाचें, ओल्या फडक्यावर हातानें थापावयाचें आणि तव्यावर टाकावयाचें. पाठींत बसतो तो धपाटा आणि दह्याबरोबर खातात तोही धपाटा. दोहोंतही हाताचेंच काम. पुण्याकडचें थालीपीठ त्याचें भावंड. सीमेपलीकडे तेलंगणांत तांदुळाच्या पिठाचा असाच एक तिखट पदार्थ आहे, त्याला भांड्यावरून नांवें पडलीं आहेत. सर्वा नांवाच्या गोल बुडाच्या भांड्यांत थापला म्हणून सर्वपिंडी, गिन्ने म्हणजे वाडग्यांत केला म्हणून गिन्नप्पा, आणि तपेल्यांत केला कीं तपाल-चेक्का. मराठी बाईनें हातावरून नांव ठेवलें, तेलुगु बाईनें भांड्यावरून.

चिवडा हा शब्द संस्कृत 'चिपिट' म्हणजे चपटा यावरून आलेला. हिंदी मुलखांत चिवडा म्हणजे नुसते कोरडे पोहे. मराठींत तो फोडणी दिलेला, दाणे-खोबरें घातलेला खाऊ झाला. तेलंगणांत त्यालाच चुडुवा म्हणतात. बटाट्याची गोष्ट अशीच. पोर्तुगीजांच्या तोंडचा 'बटाटा' पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तेथून बटाटावडा झाला. हैदराबादकडून आलें तें 'आलू' हें उर्दूंतलें नांव आणि 'बोंडा' हें दक्षिणेचें. त्या दोहोंचा मिळून झाला आलूबोंडा. जुन्या हैदराबाद राज्याच्या दोन भाषा एका घांसांत एकत्र आलेल्या पाहावयाच्या असतील तर या शब्दाकडे पाहावें. हैदराबादच्या चौकोनी लुखमीचें नांवही 'लुकमा' म्हणजे घांस यावरूनच पडलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेनें नांदेड एकीकडे मनमाडला आणि दुसरीकडे हैदराबादला जोडलें. लातुरास १९११ मध्यें बार्शी लाईट रेल्वेची लहान गाडी पोहोंचली आणि त्याचें तोंड बार्शी-कुर्डुवाडीकडे वळलें. माणसें जेथें ये-जा करतात तेथलेच शब्द शिदोरींत बांधून आणतात.

येथवर आलेलीं नांवें गांवांचीं आणि प्रांतांचीं. याहून नाजूक नांवें घरांतलीं आहेत. रात्रींची पोळी उरली, सकाळीं ती चुरून फोडणीला टाकली, तर तिला काय म्हणावें ? मराठवाड्यांत कोणी 'कुटके' म्हणतो, कोणी 'कुस्करा'. हीं नांवें खरीं, सरळ आणि गरीब. पण कांहीं घरांतून याच पदार्थाला 'माणिकपैंजण' म्हणतात. शिळ्या पोळीच्या तुकड्यांना माणिक आणि पैंजण ! शहरांतल्या नव्या पिढीनें त्याचें 'फोपो' असें आद्याक्षरी नांव केलें, आणि फोडणीच्या भाताचें 'फोभा'. दोन्हींत खेळकरपणा आहे. पण माणिकपैंजण म्हणणाऱ्या बाईच्या मनांत खेळाहून अधिक कांहीं होतें. पोरांनीं शिळें म्हणून ताटली दूर सारूं नये, आणि शेजारणीनें विचारलें तर मान खालीं घालावी लागूं नये, यासाठीं तिनें तें नांव योजिलें.

अशुभ किंवा उणें असेल तें तोंडानें न उच्चारण्याची मराठी घरांची रीत जुनी आहे. बांगडी फुटत नाहीं, ती वाढते. दिवा विझवीत नाहींत, तो वाढवितात. डब्यांतलें कुंकू संपत नाहीं, तें वाढतें. खारट पदार्थाला 'मीठ' म्हणणें हेंही त्यांतलेंच, कारण तो शब्द गोड अशा अर्थाच्या 'मिष्ट' शब्दापासून आलेला. ज्या घरांत संपण्याची भीति रोजची, तेथेंच 'संपलें' या शब्दाला दाराबाहेर ठेवण्याची गरज पडते.

याच वृत्तीचा सर्वांत ठसठशीत नमुना नांदेडांतच आहे, आणि तो मराठी नाहीं. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंह यांचें देहावसान नांदेडास झालें. त्याच वर्षीं येथेंच त्यांना भेटलेला बैरागी पुढें बंदासिंह बहादुर म्हणून पंजाबांत लढला आणि १७१६ मध्यें दिल्लीस मारला गेला. त्यानंतरचीं अनेक वर्षें पंजाबांतील शिखांना रानावनांत लपून काढावीं लागलीं. खावयास मिळे तें थोडें, आणि तेंही केव्हां मिळेल याचा भरंवसा नसे. त्या हालअपेष्टांत खालशाच्या सैनिकांनीं एक बोली घडविली. तिला 'खालशाचे बोले' किंवा 'गडगज्ज बोले' म्हणतात, आणि निहंग शिखांनीं ती आजतागायत जपली आहे. काहनसिंह नाभा यांनीं आपल्या १९३० सालच्या 'महान कोश' या ग्रंथांत या बोल्यांची नोंद केली आहे.

या बोलींत भाजलेले हरभरे म्हणजे 'बदाम'. कांदा म्हणजे 'रुप्पा', अर्थात् चांदी. मिरची म्हणजे 'लडाकी', भांडखोर. मीठ म्हणजे 'सरबरस', सर्व रसांचा रस. मका म्हणजे 'बसंतकौर'. शिळी पोळी म्हणजे 'मिठ्ठा परशादा', गोड प्रसाद. एकटा शीख आला तर 'सव्वा लाख' आले म्हणावयाचें. आणि लंगरांत शिजवावयास कांहींच उरलें नसेल, तर लंगर रिकामा झाला असें न म्हणतां 'लंगर मस्त झाला' असें म्हणावयाचें. १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्यानें गोदाकांठीं सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तु उभी राहिली आणि देशभरचे निहंग तेथें येत राहिले. त्यांच्या मुठींतले बदाम आणि नांदेडच्या बाजारांतले फुटाणे हे एकाच कढईंतले. पंजाबचा सैनिक आणि मराठवाड्याची गृहिणी यांनीं एकमेकांची भाषा ऐकली नसेल. तरी एकानें शिळ्या पोळीला प्रसाद म्हटलें आणि दुसरीनें माणिक. दोघांनींही उपासमारीला आपल्या घरांत स्वतःच्या नांवानें वावरूं दिलें नाहीं.

परंतु सर्वच नांवें अशीं आपण होऊन ठेवतां येत नाहींत. १९७२ सालच्या दुष्काळांत मराठवाडा होरपळून निघाला. मे १९७३ मध्यें सबंध महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. त्या काळीं परदेशांतून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. तिचें नांव 'मिलो'. खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना 'सुकडी' वांटली जाई. गुजरातेंत सुखडी हें कणीक, गूळ व तूप यांच्या वडीचें नांव. येथें त्या नांवाजोगता शब्द कोरड्या पौष्टिक भुग्याला मिळाला. मिलोला मात्र कोणीं लाडाचें नांव दिलें नाहीं. ज्या मुलखानें हुरड्याच्या ज्वारीला गूळभेंडी म्हटलें, त्यानें या ज्वारीला परकेंच ठेवलें. जुन्या माणसांच्या बोलण्यांत मिलो हा शब्द आजही एका धान्याचा नसून एका सालाचा आहे. लाडकें नांव द्यावयास थोडी तरी उभारी लागते. ती त्या वर्षीं उरली नव्हती.

आतां प्रश्न या नांवांच्या पुढच्या काळाचा. स्थळांच्या नांवांना सरकारदरबारीं मान मिळूं लागला आहे. लातूर जिल्ह्यांतील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तें योग्यच झालें. पण माणिकपैंजणाला मानांकन कोण देणार ? तें कोणत्याही गांवांत पिकत नाहीं. तें एका घरांतून दुसऱ्या घरांत लेकीबरोबर जातें, आणि लेकीनें तें नांव घेणें सोडलें कीं संपतें. उपाहारगृहाच्या फलकावर पोहे, उपमा आणि समोसा असतात; मूल तींच नांवें शिकतें. शाळेचाही यांत वांटा आहे. निजामी अंमलांत मराठी मुलाला उर्दूपुढें आपल्या बोलीची लाज वाटे. त्यानंतर पाठ्यपुस्तकांतल्या मराठीपुढें वाटूं लागली. निबंधांत 'सुसला' किंवा 'कुटके' लिहिणाऱ्या मुलाचा शब्द तांबड्या शाईनें खोडला गेला, तेव्हां खोडला गेला तो त्याच्या आजीचा शब्द.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. प्रत्येक शाळेनें एका सुटींत मुलांना एवढेंच काम द्यावें कीं घरांतल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसून खाण्याचीं दहा नांवें लिहून आणावींत : पदार्थ कोणता, नांव काय, तें कोण म्हणत असे, आणि कोणत्या प्रसंगीं करीत. उदगीरची वही आणि देगलूरची वही शेजारीं शेजारीं ठेवली तर तीन भाषांचा व्यवहार तेथें उलगडेल. आणि कांहीं शब्दांपुढें मुलाला असेंही लिहावें लागेल कीं, घरांत दुसरें कांहीं नसे तेव्हां हें करीत. तें वाक्य खोडूं नये.